सात वेळा विजेता, तरी हॉल ऑफ फेमच्या बाहेर: रॉबर्ट हॉरीचं काय करायचं?

प्रश्न असा आहे: मायकेल जॉर्डनकडे एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची, सहा अजिंक्यपदं आहेत, रॉबर्ट हॉरीकडे सात. मग जॉर्डनची पूजा होते आणि हॉरी हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे बास्केटबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या सभागृहाच्या, उंबऱ्यावरही नाही, असं का? आणि एक प्रशिक्षक म्हणून मला विचाराल तर त्याला घ्यावं की नाही?

मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. घ्यावं. मात्र सात अजिंक्यपदांच्या जोरावर घेऊ नये, आणि ज्या शेवटच्या क्षणाच्या शॉट्समुळे त्याचं ‘बिग शॉट बॉब’ असं नाव पडलं त्यांच्या जोरावर तर नाहीच. माझं कारण वेगळं आहे. ह्यूस्टन, लेकर्स आणि स्पर्स या संघांतले हॉरीचे प्रशिक्षक रुडी टॉम्जानोविच, फिल जॅक्सन आणि ग्रेग पोपोविच हे तिघेही आज प्रशिक्षक म्हणून हॉल ऑफ फेममध्ये आहेत. तिघांची खेळण्याची पद्धत वेगळी, तिघांचे हुकमी खेळाडू वेगळे. पण सामना अटीतटीला आला की तिघेही हॉरीला बेंचवर बसवायला तयार नसत. हे कशामुळे, एवढंच नीट सांगायचा प्रयत्न करतो.

आधी अंगठ्यांचा हिशेब मिटवू; अजिंक्यपद जिंकलं की अंगठी मिळते. अजिंक्यपदं मोजून माणूस मोठा ठरत असता तर ॲडम मॉरिसन हा चार्ल्स बार्कलेपेक्षा मोठा ठरला असता. मॉरिसन २००९ आणि २०१० मध्ये लेकर्सच्या बेंचवर होता, त्याच्याकडे दोन अंगठ्या आहेत. बार्कले आणि कार्ल मलोन यांच्याकडे एकही नाही, आणि दोघेही हॉल ऑफ फेममध्ये आहेत. बिल रसेलची अकरा, सॅम जोन्सची दहा, के. सी. जोन्सची आठ, हे सगळं एकाच काळातल्या एकाच बॉस्टन सेल्टिक्स संघाचं. त्या संघाबाहेरच्या कुणाहीपेक्षा हॉरीची अजिंक्यपदं जास्त आहेत, हे खरं. ह्यूस्टन रॉकेट्सबरोबर १९९४ आणि १९९५, लॉस एंजेलिस लेकर्सबरोबर २०००, २००१, २००२, आणि सॅन अँटोनियो स्पर्सबरोबर २००५, २००७. सात वेळा अंतिम फेरी गाठली आणि सातही वेळा जिंकला. ऐकायला भारी वाटतं, पण यातून तो चांगल्या संघांत होता एवढंच सिद्ध होतं.

त्याच्या विरोधातला मजकूरही तेवढाच स्वच्छ आहे. १६ हंगाम, १,१०७ सामने, सरासरी ७.० गुण आणि ४.८ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू). हंगामातल्या सर्वोत्तमांच्या निवडींत तो कुठेच नाही: एकदाही ऑल-स्टार नाही, ऑल-एनबीए नाही, ऑल-डिफेन्सिव्ह संघातही नाही. कुठल्याही हंगामात सरासरी १२ च्या वर गेली नाही. मतदार हा कागद हातात घेतात आणि पुढच्या नावाकडे वळतात. त्यात त्यांची चूक आहे असंही मी म्हणणार नाही.

आता खेळाकडे येऊ. अलाबामा विद्यापीठातून आलेला हा ६ फूट १० इंची मुलगा १९९२ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) अकराव्या क्रमांकावर ह्यूस्टनने घेतला. तिथे मध्यभागी हकीम ओलाजुवान, त्याच्या शेजारी पॉवर फॉरवर्ड म्हणून ओटिस थॉर्प, आणि हॉरी बाहेरच्या बाजूला स्मॉल फॉरवर्ड. फेब्रुवारी १९९४ मध्ये त्याला डेट्रॉइटला देऊन शॉन एलियटला आणायचं ठरलं. सौदा झालाही, पण एलियटच्या मूत्रपिंडाचा आजार वैद्यकीय तपासणीत निघाला आणि सगळं रद्द झालं. हॉरी परत आला. त्याआधी तो मोकळा असूनही पास देऊन मोकळा व्हायचा. परतल्यावर शूट करायला कचरेनासा झाला. चार महिन्यांनी ह्यूस्टनने पहिलं अजिंक्यपद जिंकलं.

पण त्याच्या बाजूचा खरा पुरावा पुढच्या वर्षीचा आहे, आणि हॉरीवर बोलणारे लोक नेमके तिथेच कमी थांबतात. फेब्रुवारी १९९५ मध्ये ह्यूस्टनने थॉर्पला देऊन क्लाइड ड्रेक्सलरला आणलं. थॉर्प गेल्यामुळे पॉवर फॉरवर्डची जागा रिकामी झाली आणि तिथे हॉरी आला. त्या काळी या जागेवर खांदे रुंद असलेला, रिंगखाली रेटारेटी करणारा गडी हवा, असाच सर्वांचा समज होता. हॉरी काटक होता. चार्ल्स बार्कले, कार्ल मलोन यांच्यासमोर तो टिकेल असं कुणाला वाटत नव्हतं.

यातलं गणित समजून घ्या, कारण अख्खं प्रकरण त्यावर उभं आहे. हकीमकडे पोस्टमध्ये (रिंगजवळच्या जागेत) चेंडू गेला की समोरच्या संघाला दुसरा माणूस पाठवावाच लागे. एकट्याने त्याला अडवणं कुणालाच जमत नव्हतं. हा दुसरा माणूस बहुतेक वेळा पॉवर फॉरवर्डवरचा डिफेंडर असतो. त्याचा खेळाडू रिंगजवळ उभा असेल तर त्याला दोनच पावलं सरकायचं असतं, आणि पास गेला तर दोनच पावलं परत यायचं असतं. आता तो खेळाडू थ्री-पॉइंट रेषेबाहेर, जिथून टाकलेल्या शॉटला (‘थ्री’ला) तीन गुण मिळतात तिथे, नेऊन उभा करा. त्या हंगामात एनबीएने ही रेषा आत आणून २२ फुटांवर ठेवली होती. दोन पावलांची सहा-सात पावलं झाली. डिफेंडर हकीमकडे गेला तर हॉरी मोकळा, हॉरीजवळ थांबला तर हकीम एकट्या माणसासमोर. दोन्हीकडून पंचाईत.

पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत सॅन अँटोनियोकडे डेनिस रॉडमन होता. जगातला सर्वांत चिवट रिबाउंडर. त्याला हॉरीवर ठेवलं, आणि रॉडमनला रिंग सोडून बाहेर यायचंच नव्हतं. रिबाउंड तिकडे, मग बाहेर उभं राहून काय करायचं? पहिल्या सामन्यात शेवटच्या काही सेकंदांत हॉरी मोकळा सापडला, त्याने जम्प शॉट मारला आणि ह्यूस्टन ९४-९३ ने जिंकलं. त्या मालिकेत हकीमने सॅन अँटोनियोच्या डेव्हिड रॉबिन्सनची जी दैना केली ती सगळ्यांना आठवते. हकीमला ती जागा कुणी करून दिली, हे फारसं कुणी विचारत नाही.

अंतिम फेरी ऑरलँडोविरुद्ध. होरेस ग्रँट हा समंजस डिफेंडर, पण त्यालाही हॉरीसाठी बाहेर यावं लागलं आणि हकीमसमोर शकील ओनील एकटा पडला. दुसऱ्या सामन्यात हॉरीने ७ स्टील केले (प्रतिस्पर्ध्यांकडून चेंडू हिसकावले), जो अंतिम फेरीचा विक्रम आहे. तिसऱ्या सामन्यात शेवटच्या क्षणी ग्रँटच्या हातावरून थ्री मारून त्याने सामना बंद केला. ४-० अशी मालिका. चार सामन्यांत हॉरीची सरासरी १७ गुणांच्या वर आणि रिबाउंड १०. नियमित हंगामात त्याने असं कधी केलं नाही, हे मान्य. पण ज्या संघाला सहाव्या मानांकनावरून येऊन अजिंक्यपद जिंकायचं होतं, त्याने आपली अर्धी रचना या एका बदलावर उभी केली होती.

आज प्रत्येक संघात असा खेळाडू असतो, त्याला ‘स्ट्रेच फोर’ म्हणतात, आणि आमच्या जिल्हा पातळीवरच्या मुलांनाही ते ठाऊक असतं. हॉरी हा पहिलाच, असं म्हणणारे जरा उत्साही आहेत. सॅम पर्किन्स आधीपासून बाहेरून मारत होता, आणि डेट्रॉइटचा बिल लेम्बिअर तर सेंटर असून मारत होता. पण त्या जागेचा असा वापर करून अजिंक्यपद जिंकता येतं, हे १९९५ च्या ह्यूस्टनने सर्वांच्या डोळ्यांसमोर करून दाखवलं. माझ्या हातात मत असतं तर मी पहिली ओळ हीच लिहिली असती.

पुढचा भाग उरकून घेतो. १९९६ मध्ये बार्कलेच्या सौद्यात तो फीनिक्सला गेला. तिथे प्रशिक्षक डॅनी एंजच्या तोंडावर त्याने टॉवेल फेकला आणि जानेवारी १९९७ मध्ये त्याची लेकर्सकडे रवानगी झाली. वागणं वाईटच होतं. त्याच्या नशिबाने शिक्षाही तोवर लेकर्समध्ये आलेल्या शकील आणि कोबी ब्रायंटच्या संघात जाण्याची झाली.

लेकर्समध्ये १९९९ पासून फिल जॅक्सन आणि त्याचा साहाय्यक टेक्स विंटर यांचा ट्रँगल ऑफेन्स ही आक्रमणाची पद्धत आली. या पद्धतीत आधी ठरवलेली चाल कमी आणि समोरचा काय करतो ते पाहून निर्णय घेणं जास्त. ज्याला वाचता येत नाही असा फॉरवर्ड तिथे सगळा खेळ अडवून ठेवतो. हॉरी वाचू शकत होता. नियमित हंगामात तो रेंगाळतो, अंग चोरतो, अशी तक्रार तेव्हाही होती आणि ती अगदीच खोटी नव्हती. क्रिकेटमध्ये सहाव्या क्रमांकावर येऊन शेवटची दोन षटकं खेळून जाणाऱ्या फलंदाजाची सरासरी पाहून काही कळत नाही, तसंच थोडंफार इथेही.

२००२ चा तो शॉट. लेकर्स सॅक्रामेंटो किंग्जविरुद्ध मालिकेत १-२ ने मागे, चौथ्या सामन्यात पूर्वार्धात २४ गुणांनी मागे पडलेले. शेवटचे काही सेकंद, ९७-९९. कोबी आत घुसला, चुकला. शकीलने तो परत टाकायचा प्रयत्न केला, तोही चुकला. किंग्जच्या व्लादे दिवात्सने वेळ संपवण्यासाठी चेंडू बाहेर फटकावला आणि तो थेट थ्री-पॉइंट रेषेवर उभ्या असलेल्या हॉरीच्या हातात. वेळ संपल्याचा बझर, १००-९९. सॅक्रामेंटोचे लोक अजूनही याला नशीब म्हणतात.

चेंडू तिथे गेला हे नशीबच. पण हा तुकडा मी मुलांना दाखवतो तेव्हा चेंडूकडे बघू नका, हॉरीच्या पायांकडे बघा, असं सांगतो. दोन गुणांनी मागे असताना, शेवटच्या पाच सेकंदांत, ६ फूट १० इंच उंचीचा माणूस रिबाउंडसाठी गर्दीत घुसतो. शंभरातले नव्वद तेच करतात. तो घुसला नाही. आत शकील आहे, कोबी आहे, आणखी एका देहाने तिथे काही होणार नाही, हे त्याने ओळखलं होतं. चेंडू आला तेव्हा त्याचे पाय आधीच रिंगकडे वळलेले होते, आणि किंग्जचा ख्रिस वेबर धावत पोचेपर्यंत उशीर झाला. लेकर्सनी मालिका सात सामन्यांत जिंकली आणि पुढे अजिंक्यपदही.

या कहाणीची दुसरी बाजू सांगितली नाही तर उत्तर लबाडीचं होईल. पुढच्याच वर्षी, २००३ च्या प्लेऑफमध्ये (नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत), हॉरीने ३८ थ्री मारले आणि त्यातले दोन पडले. ३८ पैकी २! स्पर्सविरुद्ध पाचव्या सामन्यात लेकर्स २५ गुणांची पिछाडी भरून दोनच्या फरकावर आले, शेवटी चेंडू नेमका त्याच्याकडे, मोकळा. रिंगच्या आत अर्धा जाऊन बाहेर आला. तो पडला असता तर दंतकथेत आणखी एक प्रकरण जमा झालं असतं. पडला नाही, म्हणून कुणी बोलत नाही. म्हणूनच मोठ्या शॉट्सची यादी करून कुणाला हॉल ऑफ फेममध्ये पाठवणं मला पटत नाही. त्या यादीत चुकलेल्यांची नोंदच नसते.

त्या उन्हाळ्यात लेकर्सनी त्याला सोडलं आणि ज्या संघाने हरवलं त्याच स्पर्सने त्याला घेतलं. पोपोविचला ते ३८ पैकी २ माहीत नव्हते असं थोडंच आहे!

२००५ ची अंतिम फेरी, डेट्रॉइट पिस्टन्सविरुद्ध, मालिका २-२, पाचवा सामना डेट्रॉइटच्या घरच्या कोर्टवर. तिसरा क्वार्टर संपत येईपर्यंत हॉरीच्या नावावर एकही गुण नव्हता. टिम डंकनचे फ्री थ्रो एकामागून एक हुकत होते आणि स्पर्सकडे दुसरं काही चालत नव्हतं. तिथून पुढे, जादा वेळेसह, हॉरीने २१ गुण केले. जादा वेळेत डाव्या हाताने एक डंकही मारला. ३४ वर्षांचा होता तेव्हा.

शेवटची चाल जवळून पाहण्यासारखी आहे. स्पर्स ९३-९५ ने मागे, नऊएक सेकंद शिल्लक. साइडलाइनवरून इनबाउंड, म्हणजे चेंडू बाहेरून आत टाकणं, हॉरीच करतो. पास कोपऱ्यात मनू जिनोबिलीकडे. हॉरीवर होता रशीद वॉलेस, आणि त्याने जिनोबिलीला कोंडण्यासाठी हॉरीला सोडलं. त्या सामन्यात त्या क्षणापर्यंत ज्याने स्पर्सला जिवंत ठेवलं होतं, त्यालाच! जिनोबिलीने चेंडू परत दिला, थ्री आत, ९६-९५. वॉलेस हा अत्यंत हुशार डिफेंडर, त्याला मूर्ख म्हणून चालणार नाही. इनबाउंड करणारा खेळाडू पास दिल्यावर क्षणभर सगळ्यांच्या नजरेतून निसटतो, म्हणून चांगले प्रशिक्षक तिथे आपला सर्वांत भरवशाचा शूटर उभा करतात. पोपोविचने तो उभा केला होता. स्पर्सनी सात सामन्यांत मालिका जिंकली.

२००७ चं अजिंक्यपद मी त्याच्या खात्यात फारसं धरत नाही. त्या वर्षी तो लक्षात राहिला तो फीनिक्सच्या स्टीव्ह नॅशला टेबलावर ढकलल्याबद्दल. त्याला दोन सामन्यांची बंदी झाली, पण त्या गडबडीत बेंच सोडून उठल्याबद्दल फीनिक्सचे अमारे स्टूडमायर आणि बोरिस डिआव यांनाही एकेक सामना बसावं लागलं, आणि तो सामना फीनिक्स तीन गुणांनी हरलं. फीनिक्सवाले त्याला अजून माफ करत नाहीत. मीही त्यांच्या जागी केलं नसतं.

आता हॉल ऑफ फेमच्या कारभाराकडे. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डचं हे सभागृह नुसतं एनबीएचं नाही. कॉलेज, ऑलिम्पिक, महिला, युरोप, सगळ्या बास्केटबॉलचं आहे. अमेरिकन खेळाडूंसाठीच्या समितीत नऊ जण असतात. त्यातल्या सातांनी होकार दिला तर नाव अंतिम यादीत जातं. मग २४ जणांच्या समितीत १८ मतं लागतात. मतदारांची नावं जाहीर होत नाहीत. २०२५ च्या वर्गापर्यंत, म्हणजे त्या वर्षी निवडलेल्यांपर्यंत, हॉरी आत गेलेला नाही.

त्याच्या बाजूचे लोक पूर्वीचे दाखले देतात. के. सी. जोन्स: सरासरी ७.४ गुण, एकदाही ऑल-स्टार नाही, तरी १९८९ मध्ये आत. फ्रँक रॅम्सी: सात अजिंक्यपदं, तोही ऑल-स्टार कधी नव्हता, आत. आणि २०२४ मध्ये मायकेल कूपर: पाच अजिंक्यपदं, सरासरी ८.९, ऑल-स्टार नाही. दाखले चांगले आहेत, पण तिघांपाशीही दुसरा एक खांब आहे. जोन्सकडे सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाची दोन राष्ट्रीय विजेतेपदं आणि १९५६ चं ऑलिम्पिक सुवर्ण. रॅम्सीकडे केंटकीचं १९५१ चं विजेतेपद, शिवाय बेंचवरून येऊन सामना फिरवणारा ‘सहावा माणूस’ ही कल्पनाच त्याच्यापासून रुजली. कूपर १९८७ चा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू. हॉरीकडे कॉलेजचं राष्ट्रीय विजेतेपद नाही, ऑलिम्पिक पदक नाही, वैयक्तिक पुरस्कार नाही. त्याचा खांब म्हणजे प्लेऑफ. १६ हंगामांत त्याचा संघ एकदाही प्लेऑफ चुकला नाही आणि पहिल्या फेरीत एकदाही हरला नाही. प्लेऑफचे २४४ सामने खेळला, म्हणजे वर्षभराच्या हंगामाएवढे जवळजवळ तीन हंगाम, तेही सगळ्यांत कठीण संघांविरुद्ध. तो निवृत्त झाला तेव्हा हा विक्रम होता.

याला घेतलं तर डेरेक फिशर, स्टीव्ह कर, डॅनी ग्रीन या बऱ्याच अंगठ्या असलेल्या इतरांनाही घ्या, असं म्हणतात. कर पुढेमागे प्रशिक्षक म्हणून जाईलच, तो प्रश्न वेगळा. फिशर आणि ग्रीन उत्तम खेळाडू होते, पण समोरच्या संघाला बचावाची मांडणी बदलायला लावणारे नव्हते. १९९५ मध्ये हॉरीने ती बदलायला लावली. माझी रेघ मी तिथे ओढतो.

आमच्याकडे शालेय स्पर्धेनंतर निवड समितीपुढे स्कोअरशीट जाते तेव्हा मला हॉरी आठवतो. शीटवर गुण असतात, फाउल असतात. कोणाच्या उभं राहण्यामुळे पोस्टमधल्या मुलाला डबल टीम झालं नाही (दोघांनी घेरलं नाही), याला रकाना नसतो. मी समितीत असलो की तोंडी सांगतो, कधी ऐकतात, कधी नाही. स्प्रिंगफील्डलाही फार वेगळं होत असेल असं मला वाटत नाही.

तेव्हा माझं मत ‘हो’, पण रांगेत पहिला नंबर त्याचा नाही. शॉन मॅरियन हा चार वेळा ऑल-स्टार, दोनदा ऑल-एनबीए तिसरा संघ, आणि २०११ च्या डॅलसच्या विजेत्या संघात. तोही २०२५ च्या वर्गापर्यंत बाहेरच आहे. दोन्ही नावं एकाच वर्षी समोर आली आणि मत एकच असलं, तर मी मॅरियनला देईन आणि हॉरीसाठी पुढच्या वर्षी परत येईन. १८ मतं मिळतील का, याबद्दल विचाराल तर नजीकच्या काळात अवघडच दिसतं. नऊपैकी सात जणांनाच आधी पटवायचं आहे. सामने बघून स्वतः ठरवायचं असेल तर २००२ चा शॉट नंतर बघा. आधी १९९५ ची अंतिम फेरी लावा, आणि हकीमकडे चेंडू गेला की दर वेळी होरेस ग्रँट कुठे उभा आहे ते पाहत राहा.